धावता हात

दोन रेकॉर्डचे ठेके एकमेकांवर आपटले की जिन्यावरून भांड्यांचं टोपलं गडगडत खाली गेल्यासारखा आवाज होतो. हा आवाज मी इतक्या वेळा काढला की एकदा फिरकीच्या खोलीखालचा शिंपी वर आला आणि दारातून विचारू लागला, "कुणाला लागलं तर नाही ना?"

"लागलंय, पण मनाला," फिरकी म्हणाला आणि त्याच्यासाठी चहा ओतला.

फिरकी म्हणजे माझा शिक्षक. आईबापांनी दुसरं काही नाव ठेवलं असणारच, पण दारावरच्या पाटीवरसुद्धा "फिरकी" एवढंच लिहिलं होतं. साठीचा गृहस्थ, पोट सुटलेलं, आयुष्यभर लोकांना नाचवत आला आणि स्वतः कधी पाय हलवला नाही. खोलीत एका लांब टेबलावर दोन टर्नटेबल, मध्ये मिक्सर, म्हणजे वाटणाचा नव्हे, आवाजाचा. भिंतीला टेकून रेकॉर्डची खोकी. बसायला एकच खुर्ची, आणि तिच्यावर तो.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकाऊ गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि गेली कित्येक वर्षं मी माणसांपेक्षा त्या ब्रेकवर जास्त विश्वास ठेवत आले आहे. समोरचा चुकायच्या आत दाबायचा. चाळिशी उलटल्यावर हे रेकॉर्डचं शिकायला गेले तेव्हा फिरकीनं पहिल्या तासाला टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेकवरून पाय काढा." माझा पाय खरोखरच फरशीवर दाबलेला होता. मला त्याचा राग आला, आणि तो राग शेवटपर्यंत गेला नाही.

हल्लीची नाचाची गाणी मशीनवर बनतात. दोन गाण्यांचा वेग एकदा जुळवला की खुशाल चहा पिऊन या, ती तशीच हातात हात घालून चालत असतात. मला मात्र जुनं फंक, सोल आणि डिस्को मिसळायचं होतं, आणि त्या रेकॉर्डमध्ये ड्रमच्या मागे जिवंत माणूस बसलेला असतो. माणूस म्हटला की आवडती ओळ आली की खुलणार, अवघड जागा आली की दबकणार. पहिल्या कडव्यात जुळवलेला वेग दुसऱ्या कडव्यात बिनसतो. मग वेगाची सरकपट्टी केसभर वर, केसभर खाली, बोटानं रेकॉर्डच्या कडेला हलकंसं ढकलायचं, नाहीतर अडवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी ढकलायचे तेव्हा अडवायला हवं असायचं आणि अडवायचे तेव्हा ढकलायला.

"हा ड्रमर कधी थांबेल ते तुम्हाला कळत नाही, आणि कधी सुटेल तेही कळत नाही," फिरकी म्हणायचा. "नवऱ्याबरोबर बाजारात गेल्यासारखं करा."

"मला नवरा नाही."

"मग अवघड आहे."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर बाबांसाठी. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. कॉलनीतल्या हॉलमध्ये दुपारी नातेवाइकांना बोलवायचं ठरलं, आणि मी मनाशी ठरवलं की गाणी मी वाजवणार आणि त्यात बाबांची रेकॉर्ड वाजणार.

बाबा एके काळी ड्रमर होते. बँड मामाचा. मामा गिटार वाजवायचा आणि सगळ्यांवर हुकूम सोडायचा, आई गायची, बाबा ड्रमवर. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, डिस्को गाणं, पायांना गप्प बसू न देणारं. मग बाजारात ठेका देणारं मशीन आलं. मामा म्हणाला, भाऊजींचा हात धावतो, वाजवता वाजवता वेग वाढतो, मशीन धावत नाही. बाबांना काढलं. आईनं तिथल्या तिथं सांगितलं, नवरा नाही तर मीही नाही, आणि पाठोपाठ तीही निघाली. पुढं बाबांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. ड्रमच्या काठ्या मी फक्त एकदा त्यांच्या हातात पाहिल्या. कपाटाचं दार वाजत होतं, त्याच्या फटीत एक काठी तोडून बसवली.

मामाला मात्र तो विषय पुरून उरला. कुठंही चार माणसं जमली की, "भाऊजी, हळू, जेवण पळून जात नाही." लिफ्टचं काम लागलं तेव्हा, "बरं झालं, लिफ्ट तरी मधेच धावत सुटणार नाही." बाबा हसायचे. आई मामाला झापायची, "हात धावायचा यांचा, मान्य आहे, म्हणून काय काढून टाकायचं माणसाला?" बाजू घेतेय की शिक्का मारतेय, ते तिचं तिलाच ठाऊक. मी लहानपणापासून हे ऐकत आले आणि मला एकदाही हसू आलं नाही.

तर मला एवढंच हवं होतं. आधी एक नावाजलेलं डिस्को गाणं, त्यातून अलगद बाबांचं गाणं, त्यातून अलगद पुढचं. लोक नाचत राहावेत, कुणाला सांधा कळू नये, आणि गाणं संपल्यावर मामाला एक शब्द सुचू नये.

आणि नेमकी तीच रेकॉर्ड माझ्या हाती लागेना. गाण्यात शिरणं जमायचं, बाहेर पडणं जमायचं नाही. पुढचं गाणं बारीक आवाजात खालून आणून जुळवून ठेवायचे, शेवटचं धृपद यायचं, आणि तिथं बाबांचा हात असा सुटायचा की माझं बोट पोचेपर्यंत भांडी जिन्यात. पुन्हा सुई मागे. पुन्हा भांडी. खालच्या शिंप्यानं विचारणंही सोडलं.

एक दिवस मला इतका वैताग आला की हेडफोन टेबलावर आपटून म्हणाले, "मामा खोटं नाही बोलत. बाबा धावतातच."

"त्यांना सुधारू नका," फिरकी म्हणाला. "सांभाळून घ्या."

"तो शब्द माझ्यासमोर काढू नका."

"का हो?"

"माझं लग्न मोडलं तेव्हा दोन्हीकडची माणसं हेच म्हणत होती. सांभाळून घे, सांभाळून घे. मी म्हटलं, मी बरोबर आहे. तोही म्हणाला, तो बरोबर आहे. दोघंही बरोबर होतो, म्हणून दोन घरं झाली."

फिरकी चिंधीसारखं एक मऊ फडकं घेऊन रेकॉर्ड पुसत बसला.

मग मी लबाडी केली. गाणं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. एक प्रोग्रॅम असतो, तो गाण्यातून ड्रम वेगळे काढतो आणि प्रत्येक ठोक्यावर उभी रेघ मारतो. बाबांच्या रेघा बघवत नव्हत्या, धृपदापाशी दाटीवाटीनं एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मी एकेक रेघ ओढून समान अंतरावर बसवली. शिकाऊ पोरांना पार्किंग शिकवताना मी असंच करते, चाक सरळ, चाक सरळ. काम झालं तेव्हा पाठ मोडली होती, पण ड्रम असे सरळ चालत होते की मशीननंही मान खाली घालावी.

रविवारी दुपारी घरी लावून पाहिलं. मी आईबाबांकडेच राहते. आई स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत डबे पुसत होती. ती दिवसभर गात असते, नळ गळत असावा तसं, थांबलं की मगच लक्ष जातं. बाबा खिडकीपाशी शेजाऱ्यांची इस्त्री उघडून बसले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून आवाज वाढवला. धृपद आलं आणि एक ठोका इकडचा तिकडे नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मागून स्क्रूड्रायव्हर खाली पडल्याचा आवाज आला. बाबा उठून आले आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं.

"हे पुसून टाक."

"अहो बाबा, तुमचाच ठेका आहे. फक्त सरळ..."

"पुसून टाक म्हटलं ना."

बाबांचा चढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आतून आई ओरडली, "काय गं ते? माझाच आवाज ना? पण अशी काय मी, गाडी सुटत असल्यासारखी?"

"मशीन बिघडलंय," बाबा चटकन म्हणाले. "तुझं काही नाही."

ते पुन्हा इस्त्रीपाशी जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. ज्याच्यासाठी चोरी करावी त्यानंच चोर म्हणावं, तशी गत. मी म्हणाले, "तुमच्यासाठीच करत होते." ते म्हणाले, "मी सांगितलं होतं?" मी चपला घातल्या, लॅपटॉप काखेत मारला आणि तडक फिरकीची खोली गाठली.

"माणसाला सरळ केलंत?" सगळं ऐकून फिरकी एवढंच म्हणाला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मी मूळ रेकॉर्ड लावली. शिकायला म्हणून नव्हे, रागानं. पुढचं गाणं खालून आणलं आणि जुळवलं. ड्रम ऐकायचा मला वीट आला होता, म्हणून ऐकलेच नाहीत. आईचं ऐकत राहिले. आईचा आवाज काय, तो मला जन्माच्या आधीपासून पाठ आहे. शेवटच्या धृपदाआधी ती श्वास घेते. तोच श्वास ती घरात घेते, "चला, निघूया" म्हणायच्या आधी. बाहेर जायचं असलं की आई अशीच निघते. आधी रस्त्यावर येते आणि मग कुठं जायचं ते ठरवते. बाबा कुलूप लावतात, छत्री घेतात, तिनं विसरलेला चष्मा घेतात आणि मागून लगबगीनं तिला गाठतात.

तो श्वास ऐकला आणि माझं बोट आपोआप पुढं झालं. पुढच्या गाण्याच्या रेकॉर्डला हलकासा धक्का बसला. धृपद सुटलं, बाबांचा हात सुटला, आणि खालचं गाणं त्यांच्या बरोबरीनं चालत राहिलं. भांडी पडली नाहीत.

फिरकीनं वर्तमानपत्र खाली केलं.

मी सुई मागे घेतली. पुन्हा तेच. श्वास, मग आईचा पहिला शब्द, ठेक्याच्या केसभर पुढं. आणि मग, त्या शब्दाच्या मागे, ड्रम. मी पुन्हा सुई मागे घेतली. श्वास, शब्द, ड्रम. प्रत्येक वेळी याच क्रमानं. मी लॅपटॉप उघडून माझं सरळ केलेलं गाणं लावलं. ड्रम रुळावरून चालल्यासारखे, आणि आई एकटीच पुढं गेलेली, कुणी सोबत नसलेली, घाई झालेली. मी ड्रम सरळ केले होते आणि आईला उघडं पाडलं होतं. बाबांनी ऐकलं ते हे. स्वतःचा ठेका त्यांनी ऐकलाच नसेल.

"फिरकी, यात धावतंय कोण?"

"मला काय विचारता? तुमच्या घरची माणसं."

जिना उतरताना माझं डोकं असं तापलं होतं की शिंप्यानं "आज कुणाला लागलं?" विचारलं त्याला मी "सगळ्यांना" म्हणून उत्तर दिलं. मामाचा राग आला, कारण गिटार घेऊन शेजारी उभा असून त्याला ऐकू आलं नाही. आईचा आला, कारण नवऱ्याची बाजू घेता घेता तिनं जन्मभर त्याच्या अंगावर आपलीच चूक चढवली. आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला. एक वाक्य बोलायचं होतं. त्या एका वाक्यावर ड्रम हातातून गेले नसते. मी ठरवलं, ते वाक्य आता मी बोलणार. हॉलमध्ये, माइकवर, मामाच्या देखत.

समारंभाच्या दुपारी हॉल भरला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, मधली जागा मोकळी. मी कोपऱ्यातल्या टेबलामागे, फिरकीनं उसनी दिलेली टर्नटेबल समोर, आणि माइक हाताशी. मामा आल्या आल्या टेबलापाशी आला, रेकॉर्डचं वेष्टन ओळखलं आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "अरे देवा, हे लावणार? मग म्हाताऱ्यांना आधीच बसवून घ्या, शेवटी धावायला लागेल!" दोनचार जण हसले. बाबाही हसले. मी माइकचं बटण कुठं आहे ते बघून ठेवलं.

पहिलं गाणं लागलं, माणसं उठली. त्यातून मी बाबांच्या गाण्यात शिरले, आणि कुणाला सांधा कळला नाही. आईला आपला आवाज कळला. तिनं तोंडावर हात घेतला, मग पदर खोचावा तशा आवेशात बाह्या वर सारल्या आणि मैदानात उतरली. नाचतानाही ती ठेक्याच्या पुढंच होती. हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही, कोण जाणे.

दुसरं धृपद आलं. मामा माझ्याकडे बघून तर्जनी हलवत होता, ऐक, ऐक, आता धावतोय बघ. माझा हात माइकवर गेला. आणि त्याच वेळी दुसरा एक हात माझ्या हातावर आला. बाबा टेबलामागे येऊन उभे होते.

"नको," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत मी काय बोलणार आहे?"

"त्या रविवारनंतर तू माझ्याशी भांडली नाहीस. तेव्हाच कळलं."

"बाबा, आई धावते. तुम्ही नाही. आई आधी सुटते आणि तुम्ही मागून जाता."

"हळू बोल."

"का हळू? तुम्हाला काढलं. इतकी वर्षं तो माणूस तुमची टिंगल करतोय आणि तुम्ही दात काढताय. एकदा तरी सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? ती पुढं गेलीच होती. मी जागेवर बसून राहिलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की ती चुकली. मी बरोबर गेलो, म्हणून गाणं धावलं. गाणं धावलं तर काय बिघडतं?"

"तुमचे ड्रम गेले! आणि आईचं गाणं तरी कुठं राहिलं? तिनंही सोडलंच ना?"

"तिनं रागानं सोडलं," बाबा म्हणाले. "रागानं सोडून आलेला माणूस घरी येऊन गातो. मी चुकले म्हणत सोडलं असतं, तर आपल्या घरात आवाज नसता."

मला बोलायचं होतं. जिभेवर खूप काही होतं. पण कानात हेडफोनची एक बाजू होती आणि तिच्यातून दिवसभर डबे पुसताना गाणारी बाई, तिशीतल्या गळ्यानं, ऐन भरात गात होती.

"अहो!" हॉलच्या मधून आई ओरडली. "तिथं काय करताय? संपेल ना गाणं! या लवकर!"

"आलो, आलो," बाबा म्हणाले. माझ्या हातावरचा हात त्यांनी उचलला, एकदा दाबून, आणि दुखरा गुडघा धरून माणसांतून वाट काढत निघाले. चालत नव्हते, चक्क धावत होते.

मी सवयीनं पुढचं गाणं खालून आणून जुळवलं, आणि त्यांच्याकडे बघता बघता शेवटचं धृपद आलं. आईनं श्वास घेतला तो मला ऐकू आला, पण बोट जागेवरच राहिलं. दोन ठेके एकमेकांवर आपटले. भांड्यांचं टोपलं पार तळमजल्यापर्यंत गेलं. नाचणारी माणसं अडखळली, कुणीतरी कानांवर हात ठेवले. मी आवाज ओढून दोन्ही रेकॉर्ड बंद केल्या. इतके दिवस घासलेलं सगळं पाण्यात.

शांततेत मामाचा आवाज खणखणीत आला. "बघा! सांगितलं नव्हतं? पन्नास वर्षं झाली तरी भाऊजींचा हात..."

"काय गं," आईनं कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. घामानं चेहरा चमकत होता, एक हात बाबांच्या हातात. "कोण धावलं आता?"

बाबा तिच्या मागं उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत होते.

मी माइकचं बटण दाबलं.

"मी," मी म्हणाले. "माझाच हात धावला."